शिडाची होडी आणि किनाऱ्याचा कान

सह्याद्रीच्या ऐन गाभ्यात, अरण्याने चहूबाजूंनी वेढलेल्या उळवीसारख्या गावी राहून आम्ही समुद्राविषयी लिहावे, हे वाचकांना किंचित विपरीत वाटेल. चन्नबसवण्णांच्या समाधीमुळे आमच्या गावाचे नाव कर्नाटकात सर्वतोमुखी आहे. माघातल्या जत्रेला धारवाड-बेळगावकडून बैलगाड्यांची रीघ लागते. परंतु जत्रा पांगली की मागे उरते ते रान आणि शांतता. पावसाळ्यात वीज जाते, तिच्या पाठोपाठ मोबाइलची रेंजही जाते, आणि मग साऱ्या गावाचा भरवसा असतो तो वनरक्षकाच्या हातातील वायरलेसवर. तोही खाली ओढ्याकाठी मुका असतो. वनरक्षक टेकाडाच्या माथ्यावर चढतो, तेव्हा कुठे पलीकडून उत्तर येते. यंत्र तेच, माणूस तोच. मध्ये डोंगर तेवढा नको. हे साधे ज्ञान आम्हाला पुढे समुद्रावर उपयोगी पडेल, असे तेव्हा कोणी सांगितले असते तर आम्ही हसलो असतो.

तसे पाहिले तर आमचा समुद्राशी संबंध अगदीच नाही असे नाही. आमच्या जोयडा तालुक्यात उगम पावलेली काळी नदी सदाशिवगडाच्या पायथ्याशी, कारवारला सागरास मिळते. तिच्याच वाटेने म्हणावे, आमचा एक जुना विद्यार्थी गोव्याला गेला आणि नौका दुरुस्त करण्याच्या कामात पारंगत झाला. एका निवृत्त अभियंत्याच्या अडतीस फुटी शिडाच्या नौकेची देखभाल तो करतो. २०२३ च्या डिसेंबरात ही नौका मुरगावहून कारवारला न्यायची होती. "गुरुजी, एकदा तरी चला," असा त्याचा आग्रह पडला आणि नाताळच्या सुटीत आम्ही गेलो. मालक, त्यांचे एक स्नेही, आमचा विद्यार्थी आणि आम्ही, असे चौघे. अंतर सुमारे चाळीस सागरी मैल; वारा बरा असेल तर दिवसाउजेडी संपणारा प्रवास.

भूगोलाच्या पुस्तकातून खारे वारे आणि मतलई वारे शिकवण्यात आमची उभी हयात गेली. ते वारे प्रत्यक्ष शिडात भरताना पाहण्याचा योग मात्र त्या दिवशी प्रथम आला. सकाळी जमिनीकडून येणाऱ्या मतलई वाऱ्यावर आम्ही निघालो, दुपारी तो पडला, मग वायव्येकडून खारा वारा सुटला. शिडाखाली बसून आम्ही ते सारे एखाद्या विद्यार्थ्याप्रमाणे टिपून घेत होतो. काब द रामच्या भूशिराजवळ आलो तेव्हा ऊन कलले होते, आणि तेथेच वारा अकस्मात निवला. इंजिन सुरू केले तर अर्ध्या घटकेत ते धडपडून बंद पडले. पाण्यात सोडलेले कुणाचे तरी तुटके जाळे पंख्याला गुंडाळले गेले होते.

संकट असे त्यात काही नव्हते. परंतु अंधार पडत होता, प्रवाह नौकेला हळूहळू भूशिराकडे ओढीत होता. विद्यार्थ्याने बारा मीटर पाण्यात नांगर टाकला. आता ही गोष्ट किनाऱ्याला कळवणे आले. नौकेत पक्का बसवलेला व्हीएचएफ संच होता, पण त्याच्या डोलकाठीवरून येणाऱ्या तारेचा जोड खाऱ्या हवेने गंजला होता. निघण्यापूर्वी सकाळी कोणा एका ठाण्याला हाक मारून "माझा आवाज येतो का?" एवढे विचारून घेतले असते तर हे तेव्हाच उघडकीस आले असते. ती चौकशी राहिली होती. मालकांनी दिलगिरी व्यक्त केली. आम्हीही प्रवासी म्हणून गप्प होतो, म्हणजे दोष चौघांचा. उरला तो हातात धरायचा संच. बसवलेल्या संचाची ताकद २५ वॉट, तर हातातल्याची ५ वॉट. विद्यार्थ्याने चॅनेल १६ वर तीन वेळा हाक मारली. उत्तर नाही.

येथे आम्हाला आमचा वनरक्षक आठवला. व्हीएचएफच्या लहरी ढोबळ मानाने सरळ रेषेत जातात. डोंगर आडवा आला की त्या थांबतात, आणि पृथ्वीची गोलाई हाही एक डोंगरच आहे. हिशेब सोपा आहे. एरियलची उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि चाराने गुणावे. साधारण तेवढे किलोमीटर त्याची नजर पोहोचते. दोन्ही टोकांच्या नजरा मिळवल्या की बोलण्याचा पल्ला कळतो. सोळा मीटर उंच डोलकाठीच्या टोकाची नजर सोळा किलोमीटर, हातात धरलेल्या संचाची जेमतेम साडेपाच. समोर भूशीर आडवे, म्हणून किनाऱ्याची दिशा बंदच. "बाहेर मोकळ्या समुद्राकडे तोंड करून बोल," असे आम्ही सुचवले. नौकेच्या नाळेवर उभा राहून त्याने पुन्हा हाक मारली, आणि क्षितिजावर दिवे लुकलुकणाऱ्या एका मालवाहू जहाजाने ती ऐकली. जहाजाचे एरियल उंच. त्याने आमचा निरोप तटरक्षक दलाकडे पोहोचवला आणि तिकडचे प्रश्न आमच्याकडे.

त्या प्रश्नोत्तरांचा आमच्या मनावर जो ठसा उमटला तो भाषेच्या शिक्षकाचा म्हणावा लागेल. नौकेचे नाव काय, कुठे आहात, काय झाले, माणसे किती, तब्येती कशा, मदत कोणती हवी. एवढेच, आणि याच क्रमाने. यात "कुठे" हा शब्द फार वर आहे, कारण निरोप मध्येच तुटला तरी ठिकाण कळलेले असावे. आमच्या विद्यार्थ्याने हिंदीत अक्षांश सांगितला तो "पंधरा अंश पाच मिनिटे" असा नव्हे, तर "एक-पाच अंश, शून्य-पाच मिनिटे" असा, एकेक आकडा सुटा करून. मराठी माणसाला याचे मर्म लगेच पटावे. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांच्यातला फरक घरातही ऐकू येत नाही, तर खरखरणाऱ्या यंत्रावर कोठून येणार! वाक्य संपले की "ओव्हर" म्हणायचे आणि बटण सोडायचे, कारण बटण दाबलेले असताना बोलणाऱ्याला ऐकू येत नाही. कोणाच्या हाताखाली ते चुकून दाबलेले राहिले तर आसपासच्या सर्वांचीच वाट अडते.

प्राण संकटात असतील तर तीन वेळा "मेडे" म्हणायचे. हा शब्द फ्रेंच भाषेतील "मला मदत करा" या अर्थाच्या उच्चारावरून १९२३ च्या सुमारास लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरील एका रेडिओ अधिकाऱ्याने काढला. तातडी आहे पण प्राणभय नाही, अशा वेळी "पॅन पॅन". आमची गत दुसऱ्या प्रकारची, किंबहुना त्याहूनही सौम्य होती, आणि विद्यार्थ्याने मेडे म्हटले नाही याचे आम्हाला कौतुक वाटते. भीती मोठी असताना लहान शब्द वापरायला संयम लागतो.

बोलण्याइतकेच महत्त्व गप्प राहण्याला आहे. पूर्वी जहाजांवर २१८२ किलोहर्ट्झ ही संकटाची लहर असे, तेव्हा दर तासाच्या आणि दर अर्ध्या तासाच्या पहिल्या तीन मिनिटांत त्या लहरीवर कोणीही बोलायचे नाही, सर्वांनी केवळ ऐकायचे, असा जागतिक नियम होता. जहाजाच्या रेडिओखोलीतील घड्याळाच्या तबकडीवर त्या तीन-तीन मिनिटांच्या फाका रंगवलेल्या असत. एखाद्या दुबळ्या संचाचा क्षीण आवाज गोंगाटात हरवू नये, म्हणून सारा समुद्र क्षणभर मौन धरी. १९९९ मध्ये उपग्रहांवर आधारलेली नवी व्यवस्था पूर्णपणे अमलात आली. आता संचावरील तांबडे बटण दाबले की नौकेचा नऊ आकडी क्रमांक आपोआप जातो. भारतीय नौकांचा क्रमांक ४१९ ने सुरू होतो. सोय मोठीच; तरी त्या मौनाची कल्पना आम्हाला अधिक भावते.

न ऐकू येणे म्हणजे काय, याचे एक उदाहरण मुंबईतच जन्मले. 'सुहेली' ही सागवानी नौका मुंबईत बांधलेली. तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. वाटेत रेडिओ बंद पडला. नोव्हेंबर १९६८ मध्ये न्यूझीलंड मागे टाकल्यावर एप्रिल १९६९ पर्यंत त्यांची कोणालाच वार्ता नव्हती. अखेर एका तेलवाहू जहाजाला दिव्याने खुणा करून त्यांनी आपण जिवंत असल्याचे कळवले. पुढे त्याच 'सुहेली'च्या धर्तीवर गोव्यात 'थुरिया' बांधली गेली. ती घेऊन निघालेले आपल्या नौदलाचे अभिलाष टॉमी सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात डोलकाठी मोडून, पाठीला इजा होऊन पडले. पण त्यांचे ठिकाण जगाला ठाऊक होते, त्यांना त्रोटक मजकूर पाठवता येत होता, आणि तीन दिवसांनी 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले.

एवढे लांब कशाला, आमच्या कारवारला २१ जानेवारी २०१९ रोजी कुरुमगडाच्या नरसिंहाच्या जत्रेहून परतणारी होडी उलटली, आणि किनारा जवळ असूनही सोळा माणसे गेली. जादा माणसे भरलेली, जीवरक्षक जाकिटे पुरेशी नाहीत. समुद्राला जवळचे अंतरही कमी नसते. आजमितीस तटरक्षक दलाचा १५५४ हा दूरध्वनी क्रमांक चोवीस तास खुला आहे. होडीने मजेखातर फिरायला जाणाऱ्या आपल्या मुलाबाळांना तो पाठ असावा.

असो. त्या रात्री ठरावीक वेळाने जहाजांमार्फत आमची विचारपूस होत राहिली. एक जहाज पल्ल्याबाहेर गेले की दुसरे. आम्हाला झोप लागली नाही, पण एकटेही वाटले नाही. पहाटे विद्यार्थ्याने पाण्यात उतरून, दातात सुरी धरून, तासाभरात जाळे कापून काढले. मतलई वाऱ्यावर शीड भरले आणि भर दुपारी सदाशिवगड दिसला. कारवारच्या नौदल तळामुळे तेथे आमचे नाव पुन्हा एकदा विचारले गेले.

नांगर पडताच मालक चहाच्या शोधात उतरू लागले. विद्यार्थ्याने त्यांना थांबवले. "साहेब, आधी कळवू द्या. नाहीतर आपल्याला शोधायला कोणी निघेल." आणि तटरक्षक दलाला चौघेही सुखरूप पोहोचल्याचे कळवून, तिकडून पोच मिळाल्यावरच त्याने संच बंद केला.

आमच्या सौभाग्यवतींना मात्र काहीच कळवता आले नाही, कारण उळवीत त्या दोन्ही दिवशी रेंज नव्हती. अणशीच्या घाटातून बसने आम्ही तिन्हीसांजेला घरी आलो, तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या. वनरक्षक नुकताच टेकाडावरून उतरून त्यांना सांगून गेला होता, की कारवारच्या बाजूला हवा चांगली आहे.