कंत्राट कुणाला, आणि का?

2018 च्या उन्हाळ्यातले पाण्याचे हाल यवतमाळकर विसरलेले नाहीत. निळोणा आणि चापडोह या दोन्ही धरणांनी तळ गाठला आणि शहराची सारी भिस्त टँकरवर आली. अशा वेळी टँकर कुणाचा, किती लिटरचा, कोणत्या भावाने, हे विचारायला कुणाला उसंत असते? दारात पाणी आले, एवढे पुरे असते. तहानेच्या वेळी हे समजण्यासारखे आहे. पण चौकीदार, झाडलोट, लिफ्ट, पंप यांची वर्षभराची कंत्राटेही आपण याच घाईने देतो, तिथे आपले चुकते.

एक साधा हिशेब करू. समजा, एका सोसायटीत 24 सदनिका आहेत आणि प्रत्येकी दरमहा 1,200 रुपये जमा होतात. वर्षाचे झाले 3,45,600 रुपये. यातले महिन्याला 22,000 रुपये, म्हणजे वर्षाला 2,64,000 रुपये, एकट्या देखभालीच्या एजन्सीला जातात. या पैशात कुणा निवृत्त शिक्षकाची पेन्शन असते, कुणा नोकरदाराची काटकसर असते. बाजारात पावशेर भेंडी घेतानाही आपण दोन ठिकाणी भाव विचारतो. मग अडीच लाखांच्या वर रक्कम देताना एकाच दरपत्रकावर सही का व्हावी?

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत याची वाट आखून दिलेली आहे. 25 पर्यंत सभासद असलेल्या संस्थेची समिती दुरुस्ती-देखभालीवर एका वेळी 25,000 रुपयांपर्यंत खर्च स्वतःच्या अधिकारात करू शकते. त्यापुढे सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. निविदा कोणत्या रकमेपासून मागवायच्या, हेही सभाच ठरवते. पुनर्विकासात बिल्डर नेमताना बंद दाराआड निर्णय होतात, अशा तक्रारी वाढल्या, तेव्हा 3 जानेवारी 2009 रोजी शासनाने कलम 79(अ) खाली त्यासाठी खास निर्देश काढले. 4 जुलै 2019 रोजी त्यांच्या जागी सुधारित निर्देश आले. निविदा सर्वांसमोर उघडाव्यात, हे त्यामागचे सूत्र. चौकीदाराच्या कंत्राटाला ते निर्देश लागू नाहीत, पण सूत्र तेच धरायला कोण अडवते?

आपल्याकडे अनेक इमारती 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखाली आहेत. तिथे ‘सोसायटी’ नसून सदनिकाधारकांचा संघ असतो. त्याचेही जमाखर्चाचे हिशेब सदनिकाधारकांना पाहता आले पाहिजेत आणि वर्षातून एकदा बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून तपासले गेले पाहिजेत. सहकारी संस्थेत सभासदाला कलम 32 नुसार सभांचे इतिवृत्त विनाशुल्क पाहता येते.

मग करायचे काय? आधी काम कागदावर मांडावे: किती माणसे, किती तास, कोणते सामान कुणाचे. सर्वांना तोच कागद देऊन निदान तीन दरपत्रके बंद पाकिटात घ्यावीत आणि ती सभेत उघडावीत. समितीतल्या कुणाचे एजन्सीशी नाते वा व्यवहार असेल, तर त्याने ते आधीच सांगून निर्णयातून बाजूला व्हावे. शेवटी, निवड का केली, हे इतिवृत्तात तीन ओळींत लिहावे. सर्वात स्वस्त तेच घ्यावे असे नाही. चौकीदाराला किमान वेतनही न देणारी एजन्सी स्वस्तच असणार! तिला नाकारले, तर तेही कारण लिहून ठेवावे.

“एवढा संशय कशाला? सेक्रेटरी आपलेच आहेत,” असे कुणी म्हणेल. आपलेच आहेत, म्हणूनच हे करायचे. बिनपगारी राबणाऱ्या त्या गृहस्थाने उद्या पायउतार होताना जिन्यात कुजबुज ऐकू नये, यासाठी त्या तीन ओळी त्याच्याच कामी येतात. येत्या वार्षिक सभेत चहा येण्याआधी एवढेच विचारा: दरपत्रके किती आली होती?