विश्लेषण : मॉलबाहेरच्या पार्किंगची नोटीस थेट कोर्टाच्या निकालापर्यंत कशी जाते? ब्रिटनमधील खासगी पार्किंगचे नियम का बदलणार?

समजा, लीड्समध्ये नोकरी करणाऱ्या एका मराठी जोडप्याने घरासाठी कर्जाचा अर्ज केला. पगार चांगला, एकही हप्ता थकलेला नाही. तरीही बँकेने नकार दिला. चौकशी केल्यावर कळले, की दीड वर्षापूर्वी त्यांच्याविरुद्ध कोर्टाचा निकाल लागला आहे. कारण काय, तर एका सुपरमार्केटच्या आवारात गाडी ठरलेल्या वेळेपेक्षा २० मिनिटे जास्त उभी होती. नोटीस, स्मरणपत्रे आणि कोर्टाचे कागद, सगळे जुन्या भाड्याच्या घरी जात राहिले. प्रसंग काल्पनिक आहे, पण इंग्लंड आणि वेल्समध्ये असे घडणे कायद्याने सहज शक्य आहे. त्यामुळेच तिथे खासगी पार्किंगच्या नियमांत सुधारणा करण्याची मागणी अनेक वर्षे सुरू आहे.

हा दंड आहे की बिल?

गोंधळाची सुरुवात नावापासूनच होते. स्थानिक कौन्सिल रस्त्यावरच्या चुकीच्या पार्किंगसाठी ‘पेनल्टी चार्ज नोटीस’ देते. तो कायद्याने लावलेला दंड असतो. मॉल, सुपरमार्केट, हॉस्पिटल किंवा निवासी संकुलाच्या आवारात खासगी कंपनी देते ती ‘पार्किंग चार्ज नोटीस’. दोन्हींचे लघुरूप एकच, पीसीएन. खासगी नोटीस मात्र दंड नसते. आवारात लावलेल्या फलकावरील अटी मान्य करून तुम्ही गाडी उभी केली आणि त्या अटी मोडल्या, असा कराराचा दावा त्यामागे असतो. आपल्याकडे मॉलमधून बाहेर पडताना पावती दाखवून पैसे भरले, की विषय संपतो. तिथे अनेक ठिकाणी फाटकच नसते. कॅमेरा येताना आणि जाताना नंबरप्लेट टिपतो आणि हिशेब नंतर टपालाने घरी येतो.

कंपनीला पत्ता कुठून मिळतो?

पूर्वी खासगी जागेत चुकीची उभी केलेली गाडी चाकाला जॅमर लावून अडवली जायची. ‘प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्ट २०१२’ने इंग्लंड आणि वेल्समध्ये ही पद्धत १ ऑक्टोबर २०१२ पासून बंद केली. त्या बदल्यात कंपन्यांना एक मोठा अधिकार मिळाला. गाडी कोण चालवत होते हे कळले नाही, तरी ठरावीक अटी पाळल्यास गाडीच्या नोंदणीकृत ‘कीपर’कडून पैसे मागता येतात. केवळ कॅमेऱ्यावर आधारित प्रकरणात ही नोटीस १४ दिवसांच्या आत पोहोचणे आवश्यक असते.

कीपरचे नाव-पत्ता डीव्हीएलए ही सरकारी संस्था देते. एका नोंदीसाठी कंपनीकडून अडीच पौंड घेतले जातात. वर्षाला अशा एक कोटीहून अधिक नोंदी दिल्या जातात. त्यासाठी कंपनी ब्रिटिश पार्किंग असोसिएशन किंवा इंटरनॅशनल पार्किंग कम्युनिटी यांपैकी एका संघटनेची सदस्य असावी लागते.

सर्वोच्च न्यायालयाने काय म्हटले?

‘खासगी नोटीस आहे, फाडून टाका, काही होत नाही’ असा सल्ला अनेक व्हॉट्सॲप ग्रुपवर आजही मिळतो. तो कालबाह्य आहे. एप्रिल २०१३ मध्ये चेम्सफर्डच्या एका रिटेल पार्कमध्ये बॅरी बेविस यांची गाडी दोन तासांच्या मोफत मुदतीपेक्षा ५६ मिनिटे जास्त उभी राहिली. पार्किंगआय कंपनीने ८५ पौंड मागितले. गाडी थांबल्याने कंपनीचे तेवढे नुकसान झालेले नाही, त्यामुळे ही रक्कम म्हणजे बेकायदा दंडच आहे, असा बेविस यांचा युक्तिवाद होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. जागा इतर ग्राहकांसाठी मोकळी राहावी यात कंपनीचा रास्त हितसंबंध आहे, फलक स्पष्ट होते आणि रक्कम अवाजवी नाही, असे न्यायालयाने म्हटले. या निकालानंतर अशा वसुलीला भक्कम आधार मिळाला.

१०० पौंडांचे २५५ कसे होतात?

या क्षेत्रातील दोन्ही संघटनांच्या संयुक्त संहितेनुसार शुल्काची कमाल मर्यादा १०० पौंड, म्हणजे साधारण अकरा-बारा हजार रुपये आहे. १४ दिवसांत भरल्यास सवलत मिळते. न भरल्यास प्रकरण वसुली करणाऱ्या कंपनीकडे जाते आणि ७० पौंडांपर्यंत रक्कम वाढते. कोर्टात दावा दाखल झाला की ३५ पौंड कोर्ट फी आणि ५० पौंड वकिलाचा ठरलेला खर्च जोडला जातो. बेरीज २५५ पौंड. त्यावर वर्षाला ८ टक्के दराने व्याजही मागितले जाते.

यातील वसुलीचे ७० पौंड सर्वांत वादग्रस्त आहेत. चालकाने हजर राहून आक्षेप घेतला, तर न्यायाधीश ते नाकारू शकतात. पण चालक हजरच नसेल तर?

एकतर्फी निकाल कसा लागतो?

दावा करण्याआधी कंपनीने पत्र पाठवून उत्तरासाठी ३० दिवस देणे अपेक्षित असते. मग दाव्याचे कागद टपालाने येतात. ते बजावल्यापासून १४ दिवसांत उत्तर द्यावे लागते. कागद मिळाल्याची पोच दिली, तर ही मुदत २८ दिवस होते. काहीच उत्तर आले नाही, तर कंपनी ‘डिफॉल्ट जजमेंट’ म्हणजे एकतर्फी निकाल मागते. ठरावीक रकमेच्या दाव्यात हे काम बहुतांशी कार्यालयीन पद्धतीने उरकते. फलक वाचता येण्याजोगा होता का, रक्कम बरोबर आहे का, नोटीस वेळेत गेली का, हे कोणी तपासत नाही. मुदत संपली आणि उत्तर आले नाही, एवढेच पाहिले जाते.

खरी अडचण पत्त्याची आहे. नियमानुसार शेवटच्या ज्ञात पत्त्यावर कागद पाठवले, तर ते सहसा बजावले गेले असेच धरले जाते. ते प्रत्यक्ष हातात पडले की नाही, हा वेगळा प्रश्न. पत्ता जुना असल्याचे मानण्यास कारण असेल, तर दावा करणाऱ्याने नवा पत्ता शोधण्याचा वाजवी प्रयत्न करायचा असतो. मात्र तो झाला नाही, हे नंतर दाखवून देण्याची वेळ चालकावरच येते.

निकाल लागला की तो ‘काउंटी कोर्ट जजमेंट’ म्हणजे सीसीजे म्हणून सार्वजनिक नोंदवहीत जातो. महिन्याभरात पूर्ण पैसे भरले, तर नोंद काढली जाते. त्यानंतर भरले, तर ‘भरणा झाला’ असा शेरा पडतो, पण नोंद सहा वर्षे राहते. गृहकर्ज, भाड्याचे घर, अगदी मोबाइलचे मासिक कंत्राट घेतानाही ती आडवी येते. ज्याला निकालाचा पत्ताच नाही, त्याची महिन्याची सवलत आपोआप हुकते.

निकाल रद्द करता येतो का?

येतो, पण सोपे नाही. त्यासाठी एन२४४ हा अर्ज करावा लागतो आणि त्याची फी साधारण ३०० पौंड आहे. उत्पन्न कमी असल्यास फीमाफी मिळू शकते. कागद नियमाप्रमाणे बजावलेच नव्हते, असे सिद्ध झाले तर निकाल रद्द होतो. अन्यथा आपली बाजू टिकण्याजोगी आहे आणि निकाल कळताच आपण विनाविलंब आलो, हे पटवून द्यावे लागते. म्हणजे १०० पौंडांच्या नोटिशीविरुद्ध बोलण्याची पहिली संधी मिळवायलाच ३०० पौंड लागतात. बरेच जण निमूटपणे पैसे भरतात, ते यामुळेच.

सुधारणा कुठे अडल्या?

खासदार सर ग्रेग नाइट यांच्या खासगी विधेयकातून मार्च २०१९ मध्ये ‘पार्किंग (कोड ऑफ प्रॅक्टिस) ॲक्ट’ झाला. सरकारने एकच संहिता करावी आणि ती मोडणाऱ्या कंपनीला डीव्हीएलएची माहिती मिळू नये, हा त्याचा गाभा. फेब्रुवारी २०२२ मध्ये संहिता प्रसिद्ध झाली. लंडनबाहेर बहुतेक प्रकरणांत ५० पौंडांची मर्यादा आणि वसुलीच्या जादा रकमेवर बंदी, हे त्यातील मोठे बदल होते. पार्किंग कंपन्या न्यायालयात गेल्या आणि जून २०२२ मध्ये सरकारने संहिता मागे घेतली.

२०२४ मध्ये दोन्ही संघटनांनी स्वतःची संयुक्त संहिता आणली. पार्किंगचे पैसे भरायला पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला म्हणून एका महिला चालकाकडून १,९०६ पौंड मागितल्याचे प्रकरण गाजल्यावर त्या नियमातही बदल करावा लागला. जुलै २०२५ मध्ये सरकारने नव्याने प्रस्ताव मांडून सूचना मागवल्या. शुल्काची मर्यादा, वसुलीची जादा रक्कम आणि कंपन्यांवरील देखरेख हे त्यातील कळीचे मुद्दे होते.

तेवढ्याने प्रश्न सुटेल का?

अर्धाच. शुल्क कमी झाले आणि ७० पौंडांची भर बंद झाली, तर प्रत्येक न भरलेल्या नोटिशीमागे कोर्टात जाण्याचे आर्थिक आकर्षण कमी होईल. पण ५० पौंडांच्या दाव्याचे कागदही चुकीच्या पत्त्यावर जाऊ शकतात आणि त्यातूनही सहा वर्षांची नोंद होऊ शकते. पार्किंग संहिता कोर्टाचे नियम बदलत नाही. दावा करण्याआधी पत्ता पुन्हा तपासणे सक्तीचे करणे, निकाल कळल्यानंतर महिन्याची मुदत देणे किंवा रद्द करण्याच्या अर्जाची फी कमी करणे, हे बदल दिवाणी प्रक्रियेतच करावे लागतील.

तिथे गाडी चालवणाऱ्यांनी काय करावे?

घर बदलताच व्ही५सी म्हणजे गाडीच्या लॉगबुकवरचा पत्ता बदलावा. ते आपल्या आरसी बुकसारखे असते. ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता बदलला, म्हणून लॉगबुकवरचा आपोआप बदलत नाही. शिक्षणासाठी गेलेले विद्यार्थी आणि वर्षाला घर बदलणारे आयटी कर्मचारी इथेच फसू शकतात. लॉगबुकवरचा पत्ता न बदलल्यास १,००० पौंडांपर्यंत दंडही होऊ शकतो. जुन्या पत्त्यावरची टपाले काही महिने नव्या घरी वळवण्याची सशुल्क सोय रॉयल मेलकडे आहे.

नोटीस आल्यास ती कौन्सिलची की खासगी, हे आधी पाहावे. मान्य नसेल, तर फलकाचे आणि पावतीचे फोटो जोडून कंपनीकडे अपील करावे. ते फेटाळले, तर संघटनेनुसार पॉपला किंवा आयएएस यांच्याकडे दाद मागता येते. भारतात परतण्याआधी गाडी विकली असेल, तर तसे डीव्हीएलएला कळवावे. आणि कोर्टाचा कागद आलाच, तर तो बाजूला ठेवू नये. १०,००० पौंडांपर्यंतचे दावे सहसा ‘स्मॉल क्लेम्स’मध्ये चालतात. तिथे हरले तरी समोरच्या वकिलाची मोठी फी सहसा अंगावर येत नाही आणि निकालाची रक्कम महिन्याभरात भरली, तर नोंदही राहत नाही. उत्तरच दिले नाही, तर मात्र बाजू कितीही खरी असली तरी ती कोणी ऐकत नाही.