प्रवासातील बालक आणि जायफळाचे वेढे

वैशाखातील सुट्ट्या जवळ आल्या, की चिकित्सालयात एक ठराविक मागणी येऊ लागते. "रात्रभराचा प्रवास आहे, बाळ शांत झोपेल असे काही द्या." मुंबई-पुण्याहून कोकणात वा विदर्भात आजोळी निघालेल्या मातेची ही मागणी गैर म्हणता येत नाही, दहा-बारा तास रडणारे मूल मांडीवर सांभाळणे सोपे नसते. पुष्कळदा घरातील वडीलधाऱ्यांनी उपाय आधीच शोधलेला असतो. गुटी उगाळताना सहाणेवर जायफळाचे नेहमीपेक्षा चार वेढे अधिक!

या चार वेढ्यांविषयी वैद्यबंधूंनी रुग्णांशी स्पष्ट बोलावे, असे आम्हांस वाटते. जायफळ हे निघंटूंत ग्राही व दीपन म्हणून वर्णिलेले द्रव्य आहे. त्याच्या गुणांविषयी आमचा वाद नाही. परंतु वेढा हे माप नव्हे. सहाण किती खरबरीत, हात किती जड, फळ किती तेलकट, यानुसार एका वेढ्यात उतरणारी मात्रा बदलते. जायफळाच्या तेलातील मिरिस्टिसीन हा घटक अधिक मात्रेत गुंगी, मुखशोष, जलद नाडी व भ्रम उत्पन्न करतो, आणि अल्पदेह बालकात ही मर्यादा लवकर ओलांडली जाते. प्रवासात तर आणखी एक संकट संभवते. गुंगीतले मूल स्तनपान मागत नाही, उन्हाने शरीरातील जलांश घटत जातो, आणि माता मात्र "किती शहाण्यासारखे झोपले आहे" म्हणून निश्चिंत राहते. जलक्षयाने मलूल झालेले मूल आणि जायफळाने झोपलेले मूल यांतील भेद अंधाऱ्या बसमध्ये कोण ओळखणार? सर्दीवरील गुंगी आणणारी पातळ औषधे झोपेसाठी पाजणाऱ्यांनाही हेच सांगावे.

सुश्रुतांनी एका वर्षापर्यंतचे बालक क्षीरप, दोन वर्षांपर्यंतचे क्षीरान्नाद व त्यापुढील अन्नाद असे मानले आहे. प्रवासाचा सल्लाही याच क्रमाने द्यावा. पहिल्या सहा महिन्यांत कडक उन्हाळ्यातही वरचे पाणी नको. स्तनपान अधिक वेळा द्यावे आणि मातेने स्वतः भरपूर पाणी प्यावे. संकोचामुळे माता दोन स्तनपानांतील अंतर वाढवितात, हे आम्ही वारंवार ऐकतो. काही एस.टी. स्थानकांवर हिरकणी कक्ष असतात. परंतु चालत्या गाडीत एक मोठी ओढणी आणि शेजारी बसलेली सासू हाच खरा कक्ष.

घाटातील ओकारीविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गाडी लागणे हा विकार दोन वर्षांखालील मुलांत क्वचित आढळतो. म्हणून त्या वयाचे मूल वारंवार ओकू लागले, तर "घाट लागला" म्हणून सोडून न देता ज्वर, अतिसार, पोटफुगी यांचा शोध घ्यावा. मोठ्या मुलांस निघण्यापूर्वी लघू आहार द्यावा, पुढील बाजूस बसवून दूरवर पाहण्यास सांगावे, पुस्तक व मोबाइल काढून घ्यावा. ओकारी दाबण्यास मात्र सांगू नये. छर्दी व मूत्र हे दोन्ही चरकोक्त अधारणीय वेगच आहेत. गाडी थांबवावी.

उलटी-जुलाब सुरू झालेच, तर साळीच्या लाह्यांचा मंड हे आपले उत्तम पथ्य आहे. पण धावत्या गाडीत तो शिजणार कोठे? तेथे जलसंजीवनीची पुडी हाताशी असावी. ती संपूर्ण पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यातच मिसळावी. अर्धी पुडी पेल्यात अंदाजाने टाकू नये. उलटीनंतर दहा मिनिटे थांबून चमच्याचमच्याने पाजावे, आणि चोवीस तासांनंतर उरलेले टाकून द्यावे. दुकानांत मिळणारी गोड पेये म्हणजे जलसंजीवनी नव्हे. अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' ही अक्षरे वापरण्यास केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, हेही पालकांस सांगावे.

प्रवासास निघणाऱ्यांच्या चिठ्ठीमागे आम्ही काही लक्षणे लिहून देतो : सहा तास लघवी नाही, रडताना अश्रू नाहीत, टाळू किंवा डोळे खोल गेले आहेत, हलविल्यावरही मूल नीट जागे होत नाही. यांपैकी एकही दिसले, तर पुढच्या मोठ्या गावी उतरून थेट रुग्णालय गाठावे, आणि जायफळ वा अन्य काही दिले असल्यास तेथील डॉक्टरांस न लपविता सांगावे.