वळणावरचे गाऱ्हाणे

मादन हिप्परग्याहून आळंदला निघालेली मोटार वळणावर वाजू लागली, तर ते तिचे गाऱ्हाणे समजावे. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश फेरी घ्यावी. मारुती ८०० सारख्या, पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीत ‘कट्‌कट्’ ऐकू आली, तर एक्सलचा बाहेरचा सांधा बहुधा झिजलेला असतो. रबरी बूट फाटून ग्रीस गळते व धूळ आत शिरते. बूट वेळीच बदलल्यास सांधा वाचतो. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना कुरकुर आली, तर स्ट्रटच्या माथ्यावरचे बेअरिंग पाहावे. खड्ड्यांतही खडखड होत असेल, तर मात्र बॉल जॉइंट आधी तपासावा. तो निखळल्यास चाकच कोलमडते. मुलाबाळांना घेऊन निघणाऱ्याने मिस्त्रीला दाखविल्यावाचून ती गाडी रस्त्यावर काढू नये.