पाठीला बांधलेला शिक्षक

उरणजवळच्या जासईच्या माथ्यावरचं आभाळ आता मोकळं राहिलेलं नाही. उलव्याची टेकडी तासून उभारलेल्या नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. ज्या शेतकरी नेते दि. बा. पाटलांचं नाव या विमानतळाला द्यावं म्हणून आगरी-कोळी माणूस रस्त्यावर उतरला, ते जासईचेच. १९८४ च्या जानेवारीत जमिनीच्या मोबदल्यासाठी याच पट्ट्यात लढा पेटला आणि गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. जमीन कोणाची, या प्रश्नावर इथे पिढ्या भांडल्या. आभाळाबाबत मात्र वाद नाही, ते हवाई वाहतूक नियंत्रकाचं.

त्यामुळे जासईवर कोणी हौसेने पॅराशूट लावून विमानातून उडी मारेल, ही शक्यता शून्य. आभाळ मोकळं असतं तरी खालची जागा नापास झाली असती. अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेचा नियम असा की एकट्याने उडी घेणाऱ्या शिकाऊ माणसाच्या उतरण्याच्या जागेपासून किमान १०० मीटरपर्यंत विजेच्या तारा, मनोरे, इमारती, मोठा रस्ता किंवा उघडं पाणी नको. जासईला उभं राहून चौफेर पाहावं. उच्चदाबाच्या तारा, कंटेनरची आवारं, ट्रेलरची रांग, चिर्ल्याला उतरणारा अटल सेतू आणि पलीकडे खाडी. नियमात नावं घेऊन टाळायला सांगितलेलं जवळजवळ सगळं इथे एका नजरेत मावतं.

म्हणून इथल्या ज्या तरुणाला ही हौस असेल, तो उज्जैनजवळच्या दताना धावपट्टीवर जातो, हरियाणात नारनौलजवळच्या बाछोदला जातो, नाहीतर थेट थायलंड किंवा दुबई गाठतो. तिथे बहुतेकांच्या वाट्याला येते ती टँडम उडी. पुढे विद्यार्थी, त्याच्या पाठीला बांधलेला शिक्षक आणि पॅराशूटची पिशवी फक्त शिक्षकाच्या पाठीवर. विद्यार्थ्याच्या अंगावर नुसते पट्टे असतात. खांद्याशी दोन आणि कमरेशी दोन अशा चार जागी तो शिक्षकाला जोडला जातो. या चार कड्यांपलीकडे त्याच्याकडे स्वतःचं असं काहीच नसतं. घरी आल्यावर ‘मी उडी मारली’ असं तो सांगतो. खरं तर त्याला उडीवर नेलेलं असतं.

ही पद्धत फार जुनी नाही. फ्लोरिडात बिल बूथ आणि टेड स्ट्राँग या दोघांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती उभी केली. अमेरिकी सरकारने १९८४ मध्ये तिला प्रयोग म्हणून सूट दिली आणि नियमित मान्यता मिळायला २००१ उजाडलं. अडचण वेगाची होती. एकटा माणूस पोटावर पडत असतो तेव्हा ताशी साधारण १९० किलोमीटरला स्थिरावतो. दोन माणसांचं वजन एकत्र आलं की तोच वेग २९० च्या आसपास जातो. त्या वेगात मुख्य छत्री उघडली तर कापड फाटेल, नाहीतर माणसं तरी मोडतील. उपाय निघाला ड्रोगचा. ही एक छोटी छत्री. विमान सोडल्यावर काही सेकंदांत शिक्षक ती हाताने हवेत फेकतो आणि ती मागे ओढली जात राहते. जोडीचा वेग पुन्हा १९० वर येतो, आणि ठरलेल्या उंचीवर हीच ड्रोग पिशवीतून मुख्य छत्री बाहेर खेचते. १३,००० फुटांवरून निघालेली जोडी ५,००० फुटांपर्यंत जेमतेम पाऊण मिनिट पडते.

ड्रोगमुळे जीव वाचतात, आणि टँडमचे अवघड प्रसंगही बरेचदा तिच्याभोवतीच घडतात. घाबरलेल्या विद्यार्थ्याने दारात चौकट पकडली, हातपाय गोळा केले, की जोडी आडवी होऊन गरगरायला लागते. अशा वेळी ड्रोग फेकली तर तिची दोरी अंगाभोवती गुंडाळली जाऊ शकते. आधी जोडी पोटावर स्थिर करायची आणि मगच ड्रोग सोडायची, हे शिक्षकाचं पहिलं काम. ‘पोट पुढे, डोकं मागे, पाय मुडपून मागे’ ही जमिनीवरची घोकंपट्टी यासाठीच असते. फोटो चांगला यावा म्हणून नव्हे.

मुख्य छत्री बिघडली तर ती सोडून देऊन राखीव छत्री उघडायची. इथे बूथच्याच डोक्यातून निघालेली तीन कड्यांची रचना कामाला येते. एकात एक अडकवलेली तीन कडी भार टप्प्याटप्प्याने इतका कमी करतात की शेवटी उरलेला थोडासा बोजा दोऱ्याच्या एका छोट्या फासावर आणि केबलवर येतो. मुठीने केबल ओढली की दोन माणसांचं वजन पेलणारी छत्री क्षणात सुटते. शिक्षक शुद्धीवरच नसेल तर? त्यासाठी जर्मनीत १९९१ मध्ये आलेलं सायप्रेस हे यंत्र. त्याचा टँडमसाठीचा प्रकार १,९०० फुटांवर अजूनही वेगाने पडणं चालू आहे असं दिसलं, की राखीव छत्री स्वतः उघडतो. या यंत्राला घाबरणं ठाऊक नाही, हाच त्याचा मोठा गुण.

आपल्याकडे हा विषय निघाला की पुण्याच्या शीतल महाजन यांचं नाव येतंच. १८ एप्रिल २००४ रोजी, उणे ३७ अंशांत, उत्तर ध्रुवावर २,४०० फुटांवरून त्यांनी उडी घेतली. ती त्यांची आयुष्यातली पहिलीच उडी होती. डिसेंबर २००६ मध्ये दक्षिण ध्रुव, २०११ मध्ये पद्मश्री, २०१८ मध्ये पटायाला नऊवारी नेसून उडी. कौतुक रास्तच आहे, पण आकडे शेजारी ठेवून पाहावेत. टँडमची छत्री जिथे उघडते, त्याच्या निम्म्याहून कमी उंचीवरून ती पहिली उडी झाली. आपल्या वर्तमानपत्रांना तोच क्षण प्रिय. मला मात्र त्यानंतरची वर्षानुवर्षांची शेकडो उड्यांची मेहनत मोठी वाटते. नऊवारीबद्दलही एक सांगायचं राहतं. मांडीभोवतीचे पट्टे आवळायचे तर गोल साडीपेक्षा काष्टा कितीतरी सोयीचा. पदर आणि निऱ्या मात्र पक्क्या बांधाव्याच लागतात. सुटलेलं कापड हँडल झाकू शकतं.

शिक्षक कसा तयार होतो? अमेरिकेत किमान ५०० उड्या, खेळात तीन वर्षं, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि त्या विशिष्ट बनावटीच्या साहित्यावरचं वेगळं प्रशिक्षण. हे कागदच खोटे निघाले तर काय होतं, ते कॅलिफोर्नियातल्या लोडीने दाखवलं. ऑगस्ट २०१६ मध्ये तिथे अठरा वर्षांचा विद्यार्थी आणि त्याचा शिक्षक, दोघंही गेले. तपासात कळलं की त्या शिक्षकाचं प्रशिक्षणच वैध नव्हतं. त्याला शिकवणाऱ्याचा अधिकार आदल्या वर्षीच निलंबित झाला होता, तरी दुसऱ्या परीक्षकाच्या सहीवर त्याचे वर्ग चालू होते. २०२४ मध्ये न्यायालयाने त्या प्रशिक्षकाला दोषी ठरवलं. साहित्यात शोध लागत गेले, कडी आली, यंत्रं आली, आणि घात झाला तो सहीत.

त्याच अमेरिकेत २०२३ साली सुमारे ३६.५ लाख उड्या झाल्या आणि दहा माणसं गेली. त्यात सगळ्याच प्रकारच्या उड्या आल्या. टँडमचं प्रमाण याहूनही कमी, दशकभराच्या सरासरीने पाच लाखांत एक विद्यार्थी. हे आकडे तिथल्या संघटनेने दर अपघात नोंदवून, छापून, त्यावर चर्चा घडवून मिळवलेले आहेत. भारतात पॅराशूटने उतरायला, आणीबाणी सोडली तर, सरकारी परवानगी लागते. पण तेवढ्यावर थांबू नये. ज्याच्या पोटाला आपली पाठ बांधली जाणार, त्याच्याविषयी विचारपूस गिऱ्हाइकानेही करावी.

तेव्हा पैसे भरण्याआधी विचारावं. तुमच्या किती उड्या झाल्या, त्यात टँडम किती? याच साहित्याचं प्रमाणपत्र आहे का? राखीव छत्री शेवटची कधी घडी केली? अमेरिकेत ती दर १८० दिवसांनी उघडून तपासून पुन्हा बांधतात आणि तारखेची चिठ्ठी सोबत असते. ती दाखवायला चांगला शिक्षक कुरकुर करत नाही. वजन खरं सांगावं. ढग किंवा वारा पाहून उडी रद्द झाली तर वाद घालू नये.

शेवटचा भाग उतरण्याचा, आणि विद्यार्थ्याला इजा होते ती बहुधा तिथेच, घोट्याला नाहीतर पायाच्या हाडाला. छत्री जमिनीजवळ आली की दोन्ही गुडघे छातीकडे उचलून पाय पुढे धरायचे, म्हणजे शिक्षकाचे पाय आधी टेकतात किंवा दोघंही बसून घसरत थांबतात. हवेत पट्टे काचत असताना पाय उचलणं वाटतं तितकं सोपं नाही. मैदानावर त्याचा सराव करून न घेता जो थेट विमानाकडे नेतो, त्याच्याकडून पैसे परत मागून घरची गाडी धरावी.