विरजण ऑक्सफर्डचं, दही पुण्याचं!

दोस्तांनो, अंबरनाथचं शिवमंदिर पाहिलंय ना? वालधुनीच्या काठचं, शिलाहार राजांच्या काळातलं. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हा काळ कोरलेला आहे. दगडावरचं ते बारीक कोरीवकाम नुसतं ऐकून कुणाला जमलं असेल का? गुरूने शिष्याच्या हाताला धरूनच शिकवलं असणार.

औषधांचंही तसंच आहे. विद्यापीठातले शास्त्रज्ञ औषध शोधतात, पण त्यांच्याकडे मोठा कारखाना नसतो. मग ते आपली विद्या कारखान्याला देतात. याला म्हणतात ‘तंत्रज्ञानाचं हस्तांतरण’. घाबरलात? अहो, शेजारच्या काकू विरजण मागायला येतात, तेव्हा आई वाटीत दही देते आणि वर बजावते, “दूध कोमट हवं हं!” झालं हस्तांतरण! वस्तू हवी, तशी युक्तीही हवी.

२०२० मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्ड विद्यापीठाने करोनावर लस शोधली. अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीमार्फत ती विद्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे आली. तीच कोव्हिशील्ड. १६ जानेवारी २०२१ पासून भारतात लसीकरण सुरू झालं. तुमच्या आई-बाबांनीही कदाचित तीच टोचून घेतली असेल.

पण ही विद्या फुकट नसते बरं का! कुणी किती लस बनवायची, कोणत्या देशांना द्यायची, याचे करार होतात.

आता मलेरियाचं बघा. या तापाने जगात दरवर्षी सुमारे ६ लाख माणसं दगावतात. त्यांत सर्वांत जास्त असतात आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुलं. गरीब घरांना महागडी लस कशी परवडणार? ऑक्सफर्डने ‘आर-२१’ ही लस शोधली. यीस्टच्या पेशींकडून मलेरियाच्या परजीवीच्या प्रथिनाचा तुकडा बनवून घ्यायचा आणि तो शरीराला दाखवायचा, म्हणजे शरीर शत्रूला ओळखायला शिकतं. तिचा जोर वाढवणारा घटक अमेरिकेतल्या नोव्हावॅक्स कंपनीचा, आणि लस बनते पुण्यात! चंबूत जमलेलं मोठ्या टाकीतही तसंच जमायला हवं, म्हणून प्रत्येक खेप तपासतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या लसीची शिफारस केली. तेव्हा एका मात्रेची किंमत २ ते ४ डॉलर सांगितली होती. जुलै २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टमधल्या बाळांना ती टोचायला सुरुवात झाली.

एक धडा मात्र विसरायचा नाही. २०२१ मध्ये भारतात करोनाची दुसरी लाट आली. लस आधी इथेच लागणार, म्हणून निर्यात थांबली आणि अनेक गरीब देश ताटकळले. विरजण एकाच घरी असलं की असं होतं! म्हणूनच त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला लस बनवायला शिकवणारं केंद्र उभारायचं ठरलं.

मुलांनो, वाटीभर विरजण दिल्याने आईचं दही संपतं का? उलट आणखी एका घरी दही लागतं!