शितावरून शहराची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण एका पातेल्यातले तांदूळ एकाच वाणाचे असतात, पाणी एक असते आणि आचही एक. बोटांत दाबलेले एक शीत बाकीच्यांच्या वतीने साक्ष देऊ शकते. माणसांचे पातेले असे एक नसते, तरी त्यांची परीक्षा आपण याच रीतीने घेत राहतो. एकाने उधारी बुडवली की त्याची सगळी जमात बुडवी ठरते. अमेरिकी पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ साली आपल्या पुस्तकात डोक्यातल्या अशा तयार चित्रांना 'स्टिरिओटाइप' म्हटले. शब्द छापखान्यातला आहे. जुळवलेल्या खिळ्यांवरून एकदा धातूचा अखंड ठसा ओतला की पुढच्या प्रतींसाठी खिळे पुन्हा जुळवावे लागत नाहीत. सोय मोठी, पण एक चूक राहिली तर तीही प्रत्येक प्रतीत उमटते. मराठीत याला साचा म्हणू. हा साचा कशाने मोडतो आणि कशाने मोडत नाही, याचा पुरावा ठाणे जिल्ह्यातच आहे, भिवंडीत.

भिवंडीचे नाव काढले की बाहेरच्या माणसाला दोनच गोष्टी आठवतात, माग आणि दंगल. एकदा नाव कानफाट्या पडले की ते पुसता पुसत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सात लाखांवर होती आणि तीत निम्म्याहून अधिक मुस्लिम होते. पण 'मुस्लिम' या एका शब्दात इथे किमान दोन वेगळी जगे कोंबली जातात. कोकणी मुस्लिम पिढ्यान्‌पिढ्या याच मातीतले, घरात मराठीच्याच वळणाची बोली बोलणारे. तर मोमीन अन्सारी विणकरांचे पूर्वज उत्तर प्रदेशातून आलेले आणि त्यांची भाषा उर्दू. पद्मशाली तेलंगणातून आले. ते धर्माने हिंदू, पेशाने विणकर आणि बोलायला तेलुगू. म्हणजे त्यांचा धंदा अन्सारींशी जुळतो, सण शेजारच्या आगऱ्यांशी जुळतात आणि भाषा दोघांशीही जुळत नाही. भोवतालच्या गावांत आगरी, कुणबी आणि कोळी आहेत. जिथे भातखाचरे होती तिथे आता गोदामांच्या रांगा लागल्या आहेत. उत्तर प्रदेश-बिहारचे कारीगर पाळीपाळीने मागावर उभे राहतात, बिस्सीत, म्हणजे कामगारांच्या खाणावळीत, जेवतात आणि गावाच्या लेखी सगळे सरसकट 'भय्या' असतात. यातल्या कोणत्या शितावरून कोणत्या भाताची परीक्षा घ्यायची?

यावर सुचवला जाणारा उपाय ठरलेला असतो. लोकांना जवळ राहू द्या, धंद्यात एकमेकांची गरज पडू द्या, गैरसमज आपोआप गळून पडतील. भिवंडीने हा भरवसा दोनदा खोटा ठरवला. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी हिंदू-मुस्लिम दंगल पेटली आणि मे १९८४ मध्ये पुन्हा. दोन्ही वेळा शहर यंत्रमागांवरच जगत होते. सूत एकाचे, माग दुसऱ्याचा, हात तिसऱ्याचे आणि मागावरून उतरलेले कोरे 'ग्रे' कापड उचलणारा व्यापारी चौथाच, अशी साखळी होती आणि तिच्या कड्या वेगवेगळ्या धर्मांच्या, प्रांतांच्या होत्या. तरी ती साखळी दंगल अडवू शकली नाही. याचे कारण मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच मांडून ठेवले होते. वेगवेगळ्या गटांतली माणसे एकत्र आल्याने पूर्वग्रह खरोखर ओसरावा, यासाठी त्यांनी चार अटी सांगितल्या: दर्जा बरोबरीचा हवा, उद्दिष्ट सामायिक हवे, ते गाठायला परस्परांचे सहकार्य लागले पाहिजे आणि या सगळ्याला अधिकारपदावरच्यांचे पाठबळ हवे. २००६ मध्ये थॉमस पेटिग्र्यू आणि लिंडा ट्रॉप यांनी अशा संपर्कावरच्या ५१५ अभ्यासांची एकत्र छाननी केली. संपर्काने पूर्वग्रह सहसा घटतो आणि या अटी पाळल्या गेल्या तर तो अधिक घटतो, असे त्यांना आढळले. आता मागाकडे पाहा. उधारीवर सूत घेणारा आणि ते देणारा बरोबरीचे नसतात, मालक आणि कारीगर तर नसतातच. तिथे देवाणघेवाण रोज होते, पण तेवढ्याने ओळख होत नाही. ज्याच्याशी फक्त हिशेबापुरते बोलणे होते, त्याच्याविषयीची अफवा खरी वाटायला वेळ लागत नाही.

शिवाय साचा फक्त सामान्य माणसाच्या डोक्यात असतो असेही नाही. १९७० मधल्या भिवंडी, जळगाव आणि महाड इथल्या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगाने केली. भिवंडीतल्या गुन्ह्यांच्या तपासासाठी नेमलेल्या विशेष पथकाने मुस्लिमांविरुद्ध पक्षपात केला, असा ठपका या आयोगाने ठेवला. शेजाऱ्याच्या मनातला पूर्वग्रह अबोला धरायला लावतो. तपास करणाऱ्याच्या मनात तो शिरला की पुराव्याआधी आरोपी ठरतो. मग ज्याच्यावर अन्याय झाला तो समाजही पोलिसांकडे साच्यातूनच पाहू लागतो आणि पुढच्या वेळी तक्रार करण्याऐवजी दगड उचलतो. ऑलपोर्ट यांची चौथी अट इथे उलटी फिरलेली दिसते. ज्या अधिकाराने ओळखीला पाठबळ द्यायचे, त्यानेच संशयाला दिले.

म्हणूनच १९८८ नंतर भिवंडीत जे झाले त्याला महत्त्व आहे. पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी शहरात सुमारे ७० मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. कमिटीत दोन्ही समाजांची साधी माणसे आणि सोबत पोलीस. बैठका दंगल झाल्यावर शांततेचे आवाहन करण्यासाठी नव्हत्या. काही घडलेले नसताना त्या नेमाने होत आणि त्यांत वस्तीतल्या किरकोळ तंट्यांचा निकाल लागे. ऑलपोर्ट यांच्या चारही अटी इथे पुऱ्या होतात. ६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेली. त्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत मुंबईतल्या दंगलींत ९०० माणसे मेली, असे त्यांची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल सांगतो. काही मैलांवरची भिवंडी, 'दंगलीचे गाव' म्हणून ठसा बसलेली भिवंडी, शांत राहिली. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातल्या शहरांचा अभ्यास करताना या उदाहरणाची दखल घेतली. मुंबईतही दंगलीनंतर मोहल्ला कमिट्यांची चळवळ उभी राहिली.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा, की आगीशिवाय धूर निघत नाही. दंगली झाल्या म्हणूनच नाव पडले ना? झाल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण 'इथे दंगल झाली' हे घटनेचे वर्णन आहे आणि 'इथले लोक दंगलखोर आहेत' हा स्वभावावरचा निकाल आहे. निकाल खरा असता तर १९९२ मध्ये भिवंडी सर्वांत आधी पेटायला हवी होती. दुसरा आक्षेप असा, की ही एका खमक्या अधिकाऱ्याची करामत, तिने मने बदलली नाहीत. त्याला २००६ चा दाखलाही देता येतो. त्या जुलैत कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून हिंसा झाली, गोळीबारात माणसे गेली आणि दोन पोलीस शिपाई मारले गेले. त्या घटनेचा बचाव होऊ शकत नाही. पण तो संघर्ष जमाव आणि पोलीस यांच्यातला होता, १९८४ सारखा वस्ती विरुद्ध वस्ती असा नव्हता. त्यातून फार तर एवढे सिद्ध होते, की विश्वासाला मागासारखीच देखभाल लागते; तेलपाणी थांबले की तो अडकतो. आणि मने बदलली की नाही हे मोजत बसण्यापेक्षा अफवा कानावर आल्यावर माणूस कुणाकडे जातो, हे पाहावे. विचारायला समोरच्या वस्तीत ओळखीचा माणूस असेल, तर मनातला साचा पुरता मोडलेला नसला तरी तो हातात दगड देत नाही.

हा धडा भिवंडीपुरता नाही. काही बँका विशिष्ट वस्त्यांना कर्जासाठी नकारात्मक विभाग ठरवतात, असे देशातल्या मुस्लिमांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवले होते. म्हणजे माणसाआधी त्याचा पत्ता तपासला जातो. गृहसंस्थेत आडनाव ऐकून नाकारलेली खोली हाही त्याच ठशाचा छाप. यावर 'सर्वधर्मसमभाव बाळगा' एवढा उपदेश पुरत नाही. शाळेची पालकसभा असो, इमारतीची पाणी समिती असो की बाजारातली व्यापारी संघटना, वेगवेगळ्या लोकांना बरोबरीने बसवून एखादे खरे काम सोपवणारी जागा मुद्दाम तयार करावी लागते आणि काही बिघडलेले नसतानाही ती चालू ठेवावी लागते. १९८४ ची भिवंडी आणि १९९२ ची भिवंडी यांत आठ वर्षांचे अंतर होते. तेवढ्या काळात कुणाचा धर्म बदलला नाही, भाषा बदलली नाही, धंदाही तोच राहिला. बदलली होती ती फक्त एकत्र बसण्याची रीत.